बुद्रुक, गुलाम आणि दूधभाताची शपथ

मरून रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, चारही कोपरे काटकोनात. बांधणी म्हणून बघाल तर खोट काढायला जागा नव्हती. फक्त मुखपृष्ठ शेवटच्या पानावर जाऊन बसलं होतं.

कोल्हापुरात गंगावेशीजवळ आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घातलेलं. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, वकिलांच्या फायली, सोसायट्यांच्या खतावण्या आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, असा आमचा वर्षाचा रहाटगाडा. त्यात नववीतल्या पोरीनं तिच्या जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, तीन भाग आणून टाकले. जुन्या बाजारातून घेतलेले, पाठीचा गोंद सुटलेला, पानं पत्त्यासारखी हातात येत होती. मी पहिला भाग घेतला, जुना गोंद खरवडला, पाठीला करवतीनं बारीक खाचा पाडून दोरा भरला, सरेस लावला, पुठ्ठा चढवला. सुटलेलं कव्हर आपल्या नेहमीच्या सवयीनं वरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि रात्रभर दाबात ठेवलं.

सकाळी पोरगी रडायच्या बेतात. "अहो पप्पा, जपानी पुस्तक उजवीकडनं उघडतंय!"

लाज अशासाठी वाटली, की उजवीकडून उघडणारी पुस्तकं मी काही पहिल्यांदा हातात घेत नव्हतो. उर्दूची दहा-बारा तरी दरवर्षी येतात आणि त्यात आजवर कधी चुकलो नाही. पण आत इंग्रजी अक्षरं दिसली आणि हात आपोआप डावीकडे वळला. म्हटलं, थांब, काढून परत लावतो. काढायला घेतलं, मधलं एक पान उघडलं, आणि त्या पानावर एका चिलखतवाल्याच्या तोंडी 'गुलाम' हा शब्द दिसला. इंग्रजी अक्षरांत, पण गुलामच. जपानी माणसानं लिहिलेल्या, इंग्रजीत आलेल्या पुस्तकात हा आपला पत्त्यातला गुलाम काय करतोय म्हणून पुढचं पान उलटलं. त्या दिवशी एका सोसायटीच्या आठ खतावण्या राहिल्या त्या राहिल्याच.

पुस्तकाचं नाव 'अर्स्लान सेन्की'. मूळ कादंबऱ्या योशिकी तानाका यांच्या. पहिली १९८६ साली आली आणि सोळावी, शेवटची, २०१७ साली. एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगत बसला हा माणूस. हिरोमु अराकावा या बाईंनी २०१३ पासून तिची चित्रकथा करायला घेतली, ती ही. पार्स नावाचा एक कल्पित देश आहे, जुन्या इराणच्या धर्तीवरचा. अँड्रागोरास नावाचा आडदांड राजा, त्याचा चौदा वर्षांचा मवाळ मुलगा अर्स्लान, आणि पश्चिमेकडून आलेले लुसितानियाचे धर्मवेडे शत्रू. पहिल्याच लढाईत पार्सचा धुव्वा उडतो आणि राजपुत्र दोन-चार माणसांनिशी रानोमाळ होतो. एवढं सांगितलं तर रसभंग होत नाही, सगळं पहिल्या भागातच येतं.

मला खिळवून ठेवलं ते लढायांनी नाही, तिथल्या दर्जाच्या उतरंडीनं. सगळ्यात वर राजा, त्याला म्हणतात शाओ. म्हणजे आपला शहा. खाली राजघराण्यातले, मग मोठे अमीर-उमराव, मग घोडेस्वार वीर, मग आझात म्हणजे मोकळे लोक, आणि तळाला गुलाम. आझात म्हणजे आझाद हे कळायला कोश लागत नाही. पण उमरावांच्या वर्गाचं नाव होतं वुझुर्गान, आणि तिथं मी अडकलो. हा तर बुजुर्ग! आणि आपल्याकडे गावांच्या नावापुढं जे 'बुद्रुक' लागतं ते याच बुजुर्गाचं झिजलेलं रूप. थोरलं गाव बुद्रुक, धाकटं खुर्द. म्हणजे पार्सच्या दरबारात मखमली अंगरखे घालून बसलेले हे सगळे बुद्रुकच की. पोरीला सांगितलं तर ती इतकी हसली की उलट्या बांधणीचा राग निम्मा उतरला.

ही नावं तानाकांनी मनानं रचलेली नाहीत. तिसऱ्या शतकातल्या सासानी राजांच्या शिलालेखांत दरबारी लोकांची वर्गवारी जवळजवळ अशीच येते. सेनापतींना त्यांनी मर्झबान म्हटलंय. पार्समध्ये असे बारा, आणि एकेकाच्या हाताखाली दहा हजार घोडेस्वार. मर्झ म्हणजे सरहद्द आणि बान म्हणजे राखणारा. बाग राखतो तो बागवान, त्यातला 'वान' तोच. मार्केटमध्ये माझ्याशी डझनाच्या भावावरून हुज्जत घालणारे बागवान आणि दहा हजार घोड्यांचा धनी मर्झबान, दोघांच्या नावाला शेपूट एकच. युरोपातला मार्क्विससुद्धा मुळात सरहद्द राखणाराच. त्यांच्याकडे सरहद्दीला 'मार्च' म्हणायचे, त्यावरून तो आला. जगभर हेच दिसतं. राजाच्या पंखाखालचा माणूस सुखात, आणि जो दूर काठावर शत्रूच्या तोंडाला बसलाय त्याला मोठा किताब. किताब द्यायला काय जातंय!

छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द बसवण्यासाठी. सरनौबताचा सेनापती झाला. पण सरदार राहिला, जहागीर राहिली, इमान तर इतकं राहिलं की त्याला दुसरा शब्द सुचत नाही. निष्ठा म्हटलं की भाषणाचा वास येतो.

पोरगी मात्र मांगातल्या उमरावांची तज्ज्ञ आहे. ती अशा ढीगभर मालिका बघते, त्यात युरोपी पद्धतीचे ड्यूक, काउंट, बॅरन असतात. तिची तक्रार अशी, की खाली अक्षरांत कधी ड्यूक येतो, कधी मार्क्विस, आणि कानाला दोन्ही वेळा एकच ऐकू येतं, कोशाकू. मला वाटलं हिचाच घोळ असेल. पण खरंच तसं आहे. जपाननं १८८४ च्या जुलैमध्ये जुन्या दाइम्यो सरदारांना आणि दरबारी घराण्यांना युरोपच्या नमुन्यावर पाच दर्जे दिले, आणि त्यातल्या वरच्या दोन दर्जांची चित्राक्षरं वेगळी असली तरी उच्चार एकच. दरबारात भालदारानं नुसतं "कोशाकू!" म्हटलं तर कोण उठत असेल कुणास ठाऊक. १९४७ च्या नव्या राज्यघटनेनं हे सगळे किताब एका फटक्यात गेले.

१८८४ म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात दुसरीच घंटा वाजते. त्याच वर्षी, १७ मार्चला, कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव करवीरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. तिकडं जपानमध्ये सरदारांना कागदावर दर्जे वाटायची तयारी चाललेली, आणि इकडं एका जहागीरदाराचं पोरगं थेट छत्रपती. आमच्या गादीला दत्तकाची सवयच होती म्हणा. १८६६ ला राजाराम महाराज दत्तक आले, ते १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. १८७१ ला चौथे शिवाजी महाराज आले, ते १८८३ मध्ये अहमदनगरला गेले. आणि मग शाहू. अठरा वर्षांत तीन दत्तक. अर्स्लानच्या गोष्टीत जो तो रक्तावरून भांडतोय, खरा वारस कोण, कुणाची आई कोण, कोण कुणाच्या पोटचा. पोरगी वाचता वाचता म्हणाली, "पप्पा, ह्यांच्यात दत्तकविधान नाही का? भटजी बोलवायचा, होम करायचा, विषय संपला." तसं झालं असतं तर तानाकांना सोळा कादंबऱ्या लिहाव्या लागल्या नसत्या.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो तो.

दार्यून नावाचा एक मर्झबान आहे, बारांतला सगळ्यात तरुण. लढाईच्या सकाळी दाट धुकं पडलेलं असतं. दार्यून राजाला सांगतो, आज माघार घेऊ, काहीतरी काळंबेरं आहे. राजा भडकतो आणि उभ्या जागी त्याचं मर्झबानपद काढून घेतो. यानंतर त्याचा चुलता वाहरीझ, जो सगळ्या सैन्याचा मुख्य आहे, त्याला बाजूला घेऊन एक वचन मागतो. काही झालं तरी अर्स्लानशी इमान राख. राजाशी नाही, गादीशी नाही, देशाशी नाही. अर्स्लान या एका पोराशी. दार्यून बुचकळ्यात पडतो. राजपुत्राशी इमान म्हणजे राजाशीच इमान ना, मग वेगळं कशाला? म्हातारा कारण सांगत नाही. चुलत्याचा शब्द म्हणून हा शपथ घेतो.

त्याच धुक्यात दुसरा एक मर्झबान, काहलान, आपल्याच फौजेला शत्रूच्या सापळ्यात नेऊन सोडतो. वाचणारा म्हणतो, हरामखोर. पण पुढं कळतं की काहलान पैशाला विकला गेलेला नाही. आधीच्या राजाचा मुलगा, जो आगीत मेला असं सगळे धरून चाललेले, तो जिवंत आहे, तोंडावर चांदीचा मुखवटा घालून शत्रूच्या गोटातून परत आलाय, आणि काहलानच्या मते गादीचा खरा धनी तोच. म्हणजे दार्यून इमानी, आणि काहलानही त्याच्या हिशेबानं इमानीच.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण ही गोष्ट आमच्या घरात गेली अठरा वर्षं चालू आहे. माझी बायको साताऱ्याची.

ज्यांना वारणेच्या अलीकडचं-पलीकडचं, म्हणजे कोल्हापूर आणि सातारा या दोन गाद्यांचं, भांडण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७०७ साली औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू, साताऱ्याचे थोरले शाहू बरं का, मोगलांच्या कैदेतून सुटून आले. लहानपणापासून मोगलांच्या छावणीत वाढलेले. इकडं ताराराणींनी सात वर्षं आपल्या मुलाच्या नावानं राज्य आणि लढाई दोन्ही ओढलेली. त्यांनी सांगितलं, हा शाहू नाहीच, तोतया आहे. आणि सरदारांकडून आपल्या मुलासाठी दूधभाताच्या शपथा घेतल्या असं सांगतात. धनाजी जाधव फौज घेऊन शाहूंवर निघाले. भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, आणि हा शाहू खराच आहे अशी खात्री झाल्यावर धनाजी त्यांना जाऊन मिळाले. लढाई तिथंच फिरली. परशुरामपंत प्रतिनिधी ताराराणींच्या बाजूनं राहिले आणि शेवटी कैदेत पडले.

आता सांगा, धनाजी कोण? दार्यून का काहलान?

मेहुणा दिवाळीला आला होता तेव्हा मी मुद्दाम हा विषय काढला. जेवणं चाललेली, तांबडा-पांढरा मधे. म्हटलं, धनाजींनी दूधभात खाल्लेला होता.

"दाजी, दूधभात कुणाच्या घरचा होता ते बघा की," मेहुणा म्हणाला. "गादी कुणाची? थोरल्या महाराजांच्या थोरल्या मुलाच्या मुलाची. मालक परत आला तर मालकाकडं जायचं का राखणदाराकडं राहायचं?"

"राखणदार? सात वर्षं औरंगजेबाला झुंजवला तो राखणदारानं?"

"कुणी नाही म्हणतंय का? पण म्हणून गादी होत्या काय?"

बायको ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, त्या मुखवटेवाल्याला आमच्या शाहू महाराजांच्या शेजारी बसवू नका, एवढंच सांगते. ते तोंड झाकून आले नव्हते." हे तिचं म्हणणं मला कबूल आहे. शाहू उघड्या तोंडानं आले होते आणि आपल्या लोकांची शहरं जाळायला आले नव्हते. पण धनाजींपुढचा पेच तोच होता. तो काहलानपुढं होता, आणि १६०० साली सेकिगाहाराच्या डोंगरावर कोबायाकावा नावाच्या तरुण सरदारापुढंही होता. त्यानं ऐन लढाईत बाजू बदलली आणि जपानचं राज्य तोकुगावा घराण्याच्या पदरात पडलं. त्याला त्यांच्याकडे अजून फितूर म्हणतात. धनाजींना तसं कुणी म्हणत नाही. कोल्हापुरातसुद्धा कुणी मोठ्यानं म्हणत नाही. संताजी-धनाजी म्हणून आमची पोरं एका श्वासात नाव घेतात.

या सगळ्यात माझं मन अडकतं ते शंकराजी नारायण सचिवांपाशी. त्यांनीही ताराराणींना वचन दिलेलं. शाहूंचं बोलावणं आलं. वचन मोडवेना आणि खऱ्या धन्यावर शस्त्रही धरवेना. १७०७ सालीच त्यांनी जीव दिला. कुणी हिरकणी गिळली म्हणतात, कुणी जलसमाधी घेतली म्हणतात. जेवताना हे सांगितलं तेव्हा मेहुणाही गप्प झाला. पोरीनं विचारलं, "मग त्यांचा मालक कोण ठरला?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. बायको म्हणाली, जेवा आता, रस्सा गार होतोय.

आणि कोल्हापूरकरांनी फार फुगूनही जायला नको. ज्या रामचंद्रपंत अमात्यांनी ताराराणींची बाजू धरली, त्याच पंतांचा १७१४ साली पन्हाळ्यावर ताराराणींना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकण्यात हात होता असं इतिहासकार लिहितात. आज्ञापत्र हे या पंतांचंच मानलं जातं. त्यात वतनदारांबद्दल जे लिहिलंय त्याचा मथितार्थ असा, की यांना वतनदार म्हणायचं ती बोलायची पद्धत झाली; खरं तर हे छोटे छोटे स्वतंत्र राजेच आहेत. स्वतः बावड्याची जहागीर असलेल्या माणसानं हे लिहावं! खऱ्या माणसाला ओळखायचं तर त्याच्या जातभाईला विचारावं म्हणतात ते असं.

मांगात यापेक्षा हलकं एक प्रकरण आहे, ते मला फार आवडलं. नार्सूस नावाचा एक हुशार सरदार आहे. त्यानं आपल्याकडचे गुलाम सोडून दिले, राजाशी भांडला, सगळं सोडून डोंगरात जाऊन चित्रं काढत बसला. चित्रं भयानक, हे सगळ्यांना माहीत, त्याला सोडून. अर्स्लान त्याच्याकडे मदत मागायला जातो. हा म्हणतो, बदल्यात काय देणार? आता या पोरापाशी ना खजिना ना मुलूख. तो म्हणतो, मी राजा झालो की तुला दरबारी चित्रकार करीन. नार्सूस तिथंच विरघळतो. सोनं, जमीन, वजिरी, काही नको. फक्त माझ्या चित्रांना कुणीतरी चित्रं म्हणा!

यावरून मला इचलकरंजी आठवली. त्या संस्थानाचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी, कोकणातले. संताजी घोरपड्यांच्या पदरी चढले आणि धन्याच्या उपकाराखातर आपलं आडनावच घोरपडे करून घेतलं. आजवर ते घराणं घोरपडेच. जपानात हे वरून खाली चालायचं; तोकुगावा शोगुन, म्हणजे तिथले सेनापती-राज्यकर्ते, मोठमोठ्या सरदारांना मात्सुदाइरा हे आपलं जुनं आडनाव बहाल करायचे. तिकडं धनी देतो, इकडं चाकर घेतो. मला आमची तऱ्हा जास्त मानी वाटते. मेहुणा म्हणतो, तुम्हाला कोल्हापूरचं सगळंच जास्त मानी वाटतंय.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र मला हसू आलं नाही. अर्स्लान एका किल्ल्यावर आसरा घेतो. किल्लेदार होदिर वरून गोड, आतून डाव साधायला बसलेला. दार्यून-नार्सूसला मारून पोराला जावई करून घ्यायचा त्याचा बेत. रात्रीच्या झटापटीत तो मरतो. अर्स्लान आनंदानं त्याच्या गुलामांच्या कोठडीकडं धावतो आणि दार उघडून सांगतो, तुम्ही आजपासून मोकळे. आणि ते गुलाम हाताला मिळेल ते घेऊन त्याच्याच अंगावर धावतात. आमच्या दयाळू मालकाला मारलंस! पळून निघाल्यावर नार्सूस त्याला स्वतःचं सांगतो. मीही माझे गुलाम सोडले होते, पैसे देऊन. पुढं त्यातले कितीतरी परत आले, कारण मोकळं जगायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी हे पान दोनदा वाचलं. आमच्याकडे १९१८ साली राजर्षी शाहूंनी महारवतन बंद केलं, तेव्हा त्या जमिनी त्या लोकांच्या नावावर रयतावा, म्हणजे मालकीहक्कानं, करून दिल्या. वतन म्हणायला मान, आणि करायला रात्रंदिवस राबणूक. ते तोडताना पायाखाली जमीन राहील हे बघितलं. नुसतं दार उघडून "जा, मोकळे" म्हणाले नाहीत. कागलच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे आतून माहीत असणार.

माझा पणजा आणि आजा एका जहागीरदाराच्या वाड्यावर हुजरे होते. गावाचं आणि घराण्याचं नाव लिहीत नाही. १९५४ ला कायद्यानं जहागिऱ्या गेल्या, आजा कोल्हापुरात आला, आण्णा एका छापखान्यात बाइंडिंग शिकले. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला वाड्यावर जायचं, ते काही चुकलं नाही. दसऱ्याला दसरा चौकात पालख्या येणार, मेबॅक गाडीतून महाराज येणार, शमीपूजन होणार, सगळं कोल्हापूर सोनं लुटणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातले एसटीला.

मी विशीत असताना एकदा आण्णांबरोबर गेलो. त्यांनी आज्याचा फेटा बांधलेला, रुमालात आपट्याची पानं. वाड्याचा निम्मा सोपा पडलेला, चौकात मोटरसायकल लावलेली. धाकटे सरकार, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, जीन्स घालून कट्ट्यावर पेपर वाचत होते. आण्णा चौकाच्या कडेला थांबले, चपला काढल्या, आणि तीन वेळा वाकून मुजरा केला. उजवा हात पार जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला.

तो माणूस धडपडून उठला. "अहो काका, काय हे, वाकू नका, लाजवताय काय! या, बसा, चहा घ्या." आण्णांचे दोन्ही खांदे धरून त्यांना उभं केलं. स्टीलची खुर्ची दिली. चहा, चिवडा, चौकशी. मला तो फार सज्जन वाटला, आजही वाटतो.

येताना एसटीत आण्णा अर्धा तास बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुजरा घेतला न्हाई त्येनं."

मी म्हटलं, "आण्णा, त्यानं तुम्हाला खुर्ची दिली की."

"खुर्ची काय करायची? माझ्या बानं वाकून घातलेला मुजरा त्येच्या आज्यानं हात वर करून घेतलेला. मी काय त्या पोराला वाकालतो काय?"

त्यानंतर आण्णा कधी गेले नाहीत.

हे मी पोरीला सांगितलं तेव्हा तिला आण्णांचं बोलणं पटलं नाही. माणसानं माणसापुढं वाकायचंच कशाला, हा तिचा सरळ प्रश्न, आणि माझ्याकडे त्याला विरोध करायला काही नाही. मी सुद्धा वाकलो नव्हतो त्या दिवशी. मागं उभा राहून नुसता हात जोडला होता. पण होदिरचे गुलाम मालकाच्या प्रेतासाठी का धावले, ते मला त्या एसटीतल्या अर्ध्या तासावरून जरासं कळलं.

उलटा बांधलेला पहिला भाग मी अजून सुधारलेला नाही. दुसरा आणि तिसरा नीट उजवीकडून बांधले, पहिला आण्णांकडं राहिला. त्यांना इंग्रजी येत नाही, डोळ्याला मोतीबिंदू झालेला, पण चित्रं बघतात. आमच्या बांधणीमुळं त्यांची गोष्ट शेवटापासून सुरू होते, लढाई आधी संपते आणि शपथा नंतर येतात. परवा दुपारी दुकानात भिंग घेऊन एका पानावर बराच वेळ थांबलेले दिसले. विचारलं, आण्णा, काय बघालाईस?

पान माझ्यापुढं धरलं. एक वीर राजपुत्रापुढं गुडघा टेकून बसला होता, हात छातीशी.

"ह्येचा हात बघ कुठं हाय," आण्णा म्हणाले. "जमिनीला लागंनाच. असा असतोय व्हय मुजरा?"